देऊ शकेल

तेरा खुर्च्या. विरोधकांच्या तीन,
आणि त्या तिघांत बोलणाऱ्या एकट्या
सेनेटर यूडोरा लशिंग्टन.
उरलेले दोघे मान हलवतात. एकाला ऐकू कमी येतं.

मी मधल्या टेबलाशी, लघुलेखक,
सेंट जॉर्जेसच्या या सभागृहात एकोणीस वर्षं.
माझं मत कुणी विचारत नाही, ते बरंच आहे:
ग्वाव्हच्या शाळेत मी त्यांच्या तिसऱ्या बाकावर होतो.
अजून मनात बाईच म्हणतो.

आज जायफळ मंडळाचं विधेयक.
कलम नऊ, उपकलम तीन:
वादळात झाडं पडलेल्या बागाईतदारास
मंडळ भरपाई देऊ शकेल.

बाई उठतात. चष्मा कपाळावर.
"अध्यक्षमहोदय, माझी दुरुस्ती एका क्रियापदाची.
'देऊ शकेल' काढा.
'देईल' घाला."

समोरून कुणीतरी पुटपुटतं, मास्तरीण.

"शकेल म्हणजे काय ते सांगते.
माझा नवरा छप्पर दुरुस्त करू शकेल.
सात वर्षं झाली, तो करू शकेल.
आम्ही बादल्या ठेवतो."

सभागृह हसतं.
हसण्याला आमच्या नियमांत जागा नाही;
मी लिहितो: (व्यत्यय).

मग बाई कागद काढतात.
टेकडीवरची ऑरेलिया नोएल. एकशे दहा झाडं,
उभी राहिली चार.
नवं रोप लावलं तर सात वर्षांनी पहिलं फळ,
आणि झाड नर निघालं तर तेही नाही.
ऑरेलियाचं वय एकाहत्तर.
"बेरीज तुम्ही करा," बाई म्हणतात, "मी भाषा शिकवायचे."

मंत्री घड्याळ बघतात.
बंदरात पर्यटकांचं जहाज भोंगा देतं, काचा थरथरतात,
तेवढं एक वाक्य माझं निसटतं.
नंतर त्यांनाच विचारलं. त्यांनाही आठवेना.

मतदान. होय तीन, नाही आठ.
शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीला नेमका तेव्हाच खोकला आला,
तो बाहेर पाणी पीत होता.
दुरुस्ती फेटाळली.

बाईंच्या फेटाळलेल्या दुरुस्त्या मी मोजणं सोडलं.
मंजूर झालेली तोंडपाठ आहे. एकच.
बंदर कायदा, अनुसूची दोन:
'मासेमारी करणारा पुरुष' च्या जागी 'मासेमारी करणारी व्यक्ती'.

संध्याकाळी त्या माझ्या खोलीत येतात,
छत्री दाराशी टेकवून, हातात मसुद्याची प्रत.
बाकीचे येतात ते आपली वाक्यं मऊ करून घ्यायला;
'खोटारडे' चं 'गैरसमज झालेले' होतं इथंच, माझ्या टेबलावर.
बाई स्वतःचं काही बदलत नाहीत.
नवऱ्याचं छप्परही राहू दे म्हणतात,
वाचून दाखवीन त्याला.
फक्त पान चाळीसवर बोट ठेवतात.
"ऑरेलिया. तू ऑरिलिया लिहिलंयस."

बाई, मी म्हणतो, दुरुस्ती तर पडली.

"पडली ना.
मग आता ती राहणार कुठं? इथंच."

मी वेलांटी खोडतो. मात्रा देतो.
एवढ्या बदलाला
ना अनुमोदक लागतो, ना मतदान.

छत्री घेऊन त्या जिना उतरतात, कठडा धरत,
आणि मधल्या वळणावरून आवाज येतो,
वर्गात यायचा तसाच, शेवटच्या बाकापर्यंत:
"मंगळवारी कलम बारा.
पेन्सिल टोक करून ये.
तिथंही 'शकेल' आहे."