दुर्बीण धुताना

आतलं मला दिसत नाही.
काचेपलीकडे शिशाचे झगे, आणि बेळंकी डॉक्टरांचा आवाज,
"तार पुढे… थांब… आता केसभर."
मिरजेत आज पाणी कमी दाबानं येतंय.
टब अर्धाच भरलाय.

टेबलावर सन्मती चौगुले. नांद्र्याचा. वय चोवीस.
सकाळी बाकावर बसला होता
पोटाशी उशी, उशीवर गुडघे.
पुढं वाकलं की दुखणं अर्धं होतं
हे त्याचं त्यानंच शोधलेलं.
तीन वर्षं सगळे एकच विचारत,
"रोज किती घेतोस?"
सूर्य बुडाल्यावर न जेवणारा पोरगा,
कांद्याला हात न लावणारा.
आईनं बस्तीत नेऊन शपथ घ्यायला लावली.
त्यानं घेतली.
चौथ्या दिवशी दुखणं परत आलं
आणि शपथ खोटी ठरली.

स्वादुपिंड.
रजिस्टरात लिहिताना दर वेळी वाटतं,
ज्याचं कधी दुखलं नाही
अशाच कुणी ठेवलं असणार हे नाव.
जठरामागे, कण्याला टेकून, आडवं.
नळीत खडे अडले
की स्वतःचा रस स्वतःलाच खायला लागतो.

डॉक्टरांनी बापाला कॅलेंडरच्या पाठीवर काढून दाखवलं,
तोंडातून आत, जठर, मग वळण,
वळणावर भिंतीत मसुराएवढं बोंड.
या दुर्बिणीचा डोळा बगलेत असतो,
म्हणून ते समोर दिसतं.
"पोट फाडणार न्हाई?" "नाही."
"टाकं?" "नाही."
"मग पैसं कशाचं?"
डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले.
"न फाडण्याचे," म्हणाले.

पाऊण तासानं दुर्बीण माझ्याकडं येते,
गरम, चिकट, कुणाच्या तरी आतून आलेली.
आधी हवा भरून पाण्यात बुडवायची.
बुडबुडा आला तर कुठंतरी चीर आहे.
आज नाही.
मग ब्रश, या टोकातून त्या टोकाला,
मग तारेला वाकवणारी ती इवली पट्टी,
तिच्या मागं, तिच्या खाली,
जिथं नजर पोचत नाही तिथं.
इथं कुणाचं काही राहिलं
तर उद्याच्या माणसाच्या पोटात जाईल.
हे मला कुणी विचारत नाही.
मी दोनदा घासते.

संध्याकाळी सन्मती पाणी प्यायला.
घोट गेल्यावर हातानं पोट चाचपलं,
नेहमीच्या जागी काही सापडेना तसं.
आदल्या आठवड्यात मशीननं फोडलेले खडे,
त्यातले तीन जाळीत आले होते,
ते बाटलीत दाखवले.
तासगावला बेदाणा निवडतो तो, कोल्ड स्टोरेजात.
बाटली उजेडाकडं धरून म्हणाला,
"चाळणीखालचा माल. ह्याला भाव न्हाई."
बाप बाहेर जाऊन उभा राहिला.

आत एक बारीक नळी ठेवलीय. प्लॅस्टिकची.
तीन महिन्यांनी काढायची, नाहीतर तीच बुजेल.
तारीख कागदावर आहे,
कागद आईच्या पिशवीत,
आणि बरं वाटलेली माणसं येत नाहीत.
म्हणून मी त्याचा नंबर
माझ्या मोबाईलमध्ये घेतलाय,
'चाळणी' या नावानं.

दुर्बीण कपाटात उभी टांगली.
टोकाशी एक थेंब.
पडायची वाट बघत बसले.