साडेपाचच्या आत

चाचणी क्रमांक चारशे सतरा.
नाव: बाळाची जन्मतारीख दाखल्यावर बरोबर येते.
कधी हिरवी, कधी लाल.
कारण कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे असं धरलेलं.

ग्लॅडविन म्हणायचा, पुन्हा चालव.
सकाळी दहाला, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर
पुन्हा चालवायची. हिरवी.
असं आम्ही सात महिने केलं.
मग तिच्यापुढे एक खूण केली, लहरी म्हणून,
लग्नकार्यात चक्रम काकाबद्दल आधीच सांगून ठेवतात तशी:
बोलतो काहीबाही, मनावर घेऊ नका.

मालाडला, खाडीच्या अंगाचा नववा मजला.
काचेबाहेर खारफुटी, आत प्रसूतिगृहांचं सॉफ्टवेअर.
दर रात्री आमच्याकडे तीनशे बाळं जन्मतात.
आईचं नाव चाचणी चाचणीकर,
वडिलांचं अबक,
वजन तीन किलो, झाडून सगळ्यांचं.
कधी दोनला जन्मतात, रांग लांबली तर सहानंतर.
दाखला निघतो, तपासला जातो,
आणि स्वच्छता नावाची एक ओळ येऊन
तीनशेच्या तीनशे पुसून टाकते.
मला त्याचं काही वाटत नाही.
पहिल्या आठवड्यात वाटायचं.

मग मुलुंडहून फोन आला.
खरं बाळ. खरी आई, तृप्ती घरत.
रात्री दोन चाळीसला मुलगी,
आणि दाखल्यावर आदल्या दिवसाची तारीख.
नवऱ्याचं म्हणणं एवढंच:
"आदल्या दिवशी आम्ही रिक्षा शोधत होतो, मॅडम."

त्या रात्री मी थांबले.
चारशे सतराला रांगेतून काढलं, एकटीला चालवलं.
बाराला पाच कमी: हिरवी.
बारा वाजून एक मिनिट: लाल.
एक, दोन, तीन, चार वाजता लाल.
यंत्रातली कॉफी संपली, मग नुसतं गरम पाणी प्यायले.
पाच एकोणतीस: लाल.
पाच तीस: हिरवी.

आमचा सर्व्हर ग्रिनिचच्या घड्याळावर जगतो.
मुंबईत बारा वाजून गेले तरी
त्याच्या कालच्या दिवसाचे साडेपाच तास शिल्लक.
पहिल्या दिवसापासूनची चूक, पाचवीला पुजलेली.
आणि ही बिचारी
दर वेळी खरं सांगत होती.
आम्ही तिला सकाळी विचारत होतो.

घरी पोचले तेव्हा आई दूध तापवत होती.
म्हटलं, मीपण रात्रीचीच ना?
तीन दहाची, ती म्हणाली.
शाळेच्या दाखल्यावर बुधवार, पत्रिकेत मंगळवार.
सूर्य उगवल्याशिवाय वार बदलत नाही, बाई.
आणि तिनं फुंकर मारून साय बाजूला सारली.
म्हणजे आमच्या जोशीबुवांनी सर्व्हरचीच बाजू घेतली असती.
तिला सगळं सांगायला गेले,
पण ग्रिनिचपाशी अडखळले, आणि झोपले.

दुरुस्ती निघाली एका ओळीची.
ग्लॅडविननं डबा उघडायच्या आधी उरकली.
मी लहरीची खूण काढली
आणि नवी चाचणी लिहिली, क्रमांक आठशे बारा.
घड्याळ खोटं लावायचं, रात्रीचे दोन चाळीस.
वजन दोन किलो सातशे,
तीन किलोंच्या घोळक्यात ओळखू यावी म्हणून.
आता ती रोज रात्री जन्मते, बरोबर तारखेला,
आणि इतरांबरोबर पुसली जाते.

सातशे कशाला, ग्लॅडविननं विचारलं.
सीमेवरचा आकडा आहे, मी म्हटलं.
तसा तो नव्हता.