पाट ओला होईपर्यंत

बुधवारी दुपारी दोनला सेमिनार.
मी दीडला जातो, पडदा खाली सोडतो,
एसी चोविसावर ठेवतो,
प्रोजेक्टरला त्याच्या मर्जीनं जागा होऊ देतो.
अल-खूदच्या या हॉलमध्ये एकोणीस वर्षं
मी माइकचे सेल बदलतोय.
गणित मला येतं ते औटकीपर्यंत,
तेही गुरुजींच्या छडीमुळं.

मागच्या बुधवारी ट्यूनिसचे मुन्सिफसाहेब आले.
त्यांना पडदा नको, खडू हवा.
स्टोअरात शोधला : अर्धा डबा, दमट.
म्हणाले, कपातली कॉफी ढवळा, कशीही ढवळा,
थांबलात की एक तरी बिंदू असा असतो
जो आधी होता तिथंच असतो.
कुणीतरी विचारलं, कुठला?
ते हसले.
असतो, एवढंच सिद्ध होतं.
कुठला, ते नाही.

त्या रात्री मेसमध्ये मी चहा ढवळत बसलो.
शिबू म्हणाला, अरे, साखर केव्हाच विरघळली.

आज झुवैनाबाई. इथलीच, निझवाकडची,
बोलताना उजव्या हाताची बाही सारखी मागं सारते.
तिचा विषय फलज :
डोंगराच्या पोटातून आणलेलं पाणी
आणि गावानं वाटून घेतलेला वेळ.
अर्ध्या तासाचा एक अथर,
दिवसा काठीच्या सावलीवर, रात्री ताऱ्यांवर.
पडद्यावर समीकरणं उतरली, मुंग्यांसारखी ओळीनं,
आणि सगळ्यात खाली एक वाक्य,
ज्याला ज्याचा त्याचा वाटा,
तंतोतंत.

मी मागच्या भिंतीला टेकून, हातात माइक.
आमच्याकडं पांझरेवर फड.
माझे काका पाटकरी.
त्यांच्याकडं ना काठी ना तारे,
विडी संपली की बारी संपली,
आणि विडी लहानमोठी वळता येते
हे साऱ्या गावाला ठाऊक.

प्रश्न आहेत का, अध्यक्षांनी विचारलं.
ही माझी वेळ. ज्याचा हात वर होईल
त्याच्यापर्यंत माइक न्यायचा.
एकही हात वर नाही.
एसी तेवढा ऐकू येत होता.
बटण चालूच राहिलं होतं,
आणि छताच्या स्पीकरमधून
मला माझाच आवाज ऐकू आला,
इंग्रजी, हिंदी, अरबी, जी तोंडाला आली ती :
मॅडम, पाट कोरडा असतो.
पहिल्याचं अर्धं पाणी पाटच पितो.
पाट ओला करायचं पाणी
कुणाच्या नावावर?

पहिल्या रांगेतली एक मान वळली, मग चार.
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
माझे कान तापले.
झुवैनाबाई बाही सारायची विसरली.
मग म्हणाली,
याच्यावरून माझे आजोबा सख्ख्या भावाशी
अकरा वर्षं बोलले नाहीत.
आणि मी ते शून्य धरून पुढं गेले.

तिनं खडू मागितला.
मुन्सिफसाहेबांचा उरलेला तुकडा
माझ्या खिशात होता, का ते विचारू नका.
पडदा वर घेतला.
तिनं फळ्यावर तीच ओळ पुन्हा लिहिली,
पुढं अधिकचं चिन्ह, आणि एक अक्षर
ज्याचं नाव मला येत नाही.
सोडवलं नाही. वेळ संपला होता.
जाताना तिनं माझं नाव विचारून घेतलं,
वाल्मीक बेडसे,
आणि वहीत उजवीकडून डावीकडं लिहिलं.
बरोबर लिहिलं का, मला काय कळणार.

हॉल रिकामा झाल्यावर फळा पुसायचा असतो.
पुसला. ते एक अक्षर सोडून.
सकाळी आठला दुसऱ्या कुणाचा वर्ग आहे,
तो पुसेल.

रात्री काकांना फोन लावला.
पाटाचं सांगितलं, बाईंच्या आजोबांचं सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं. खोकले.
म्हणाले, ते पाणी होय?
ते माझ्या नावावर असायचं.
शिव्यांसकट.