टनांचा हिशेब

कुडचड्याच्या धक्क्यावर अठरा वर्षं
मी ट्रक मोजले.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
भरली की बार्ज खाली बसायची
गाभण म्हशीसारखी,
आणि जायची मुरगावला, तिथून जपानला.

जपान मी पाहिला
सायबाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात.
बर्फ होतं.

शाणू वेळीपच्या विहिरीचं पाणी
खाणीने खाली ओढून नेलं.
भरपाईत टँकर आला,
टँकरवर कंपनीचं नाव,
नावावर धूळ.

आता खाण बंद.
जावयाचा ट्रक गवतात उभा,
हप्ता तेवढा चालतोय.

परवा शाणूची सून कपडे पिळताना म्हणाली,
"अजून लालच निघतं हो पाणी."

मी जुन्या वहीत एक रेघ मारली.
सवय.
आडवी.