निखाऱ्याच्या कडेला

रविवारी दुपारी आमच्या अंगणातून धूर निघतो,
तसा गल्लीतल्या प्रत्येक अंगणातून निघतो.
उरुग्वेत माणसांपेक्षा गाई जास्त,
आणि सरकारी वहीत दोघांचीही मोजदाद चोख.

विस्तव अजून माझा बापच पेटवतो.
एलेउतेरिओ बेंतांकोर, वय एकाहत्तर,
नदीकाठच्या कत्तलखान्यात एकतीस वर्षं.
लाकूड कुठलं घ्यायचं, निखारा कधी पुढं ओढायचा,
बरगड्या हाडाच्या बाजूनं किती वेळ ठेवायच्या
हे त्याला विचारल्याशिवाय ठरत नाही.

फक्त तो खात नाही.
जाळीच्या अगदी कडेला,
जिथं आच पोचते पण चरबी ठिबकत नाही,
तिथं त्याचं एक वांगं पडलेलं असतं
काळं पडत, सुरकुतत.

का सोडलं?
डॉक्टरीणबाईंना तो म्हणाला, रक्तात चरबी फार झाली.
बाई खूश झाल्या, जणू त्यांनीच सांगितलं होतं.
पाद्र्याला म्हणाला, ईस्टरआधीचा उपास धरला होता,
सोडायचा राहून गेला.
माझी माइते मोंतेव्हिदेओला शिकते,
नद्या, जंगलं, हवेत साठणारा वायू, सगळं आकड्यांत सांगते.
तिला म्हणाला, पोरी, तुझंच ऐकलं मी.
ती जन्मली तेव्हा तो केव्हाच सोडून बसलेला,
हे तिच्या लक्षात आलं नाही.
माझ्या नवऱ्याला, विल्मारला, म्हणाला, दात राहिले नाहीत.
आहेत. सगळे आहेत.
मक्याचं कणीस कराकरा खातो.

मला त्यानं काहीच सांगितलं नाही.
मला कळलं ते ओदिलोनकडून, त्याच्या पाळीतल्या सोबत्याकडून,
आई गेली त्या रात्री, शवपेटीशेजारी जागताना.

एका फेब्रुवारीत भर दुपारी वीज गेली म्हणे.
साखळ्या थांबल्या. पंखे थांबले.
गाई रांगेत होत्या तशाच उभ्या,
आणि बाप बाह्या सारून कठड्याला टेकलेला.
सगळ्यात पुढची, पांढऱ्या तोंडाची,
मान लांब करून त्याचं मनगट चाटू लागली.
घामाचं मीठ.
त्यानं हात काढून घेतला नाही.
चाळीस मिनिटं, ओदिलोन म्हणाला.
मग वीज आली.

त्या संध्याकाळी तो घरी येऊन जेवला.
मी तेरा वर्षांची, मीच वाढलं असणार.
पुढं अकरा वर्षं खात राहिला.
म्हणून कुणी साक्षात्कार वगैरे म्हणालं
तर मला राग येतो.
आमच्या वह्या, आमचे बूट, धाकट्याचा चष्मा
त्याच रांगेतून येत होते, एकेक करून.
धाकट्याचा पहिला पगार झाला त्या महिन्यात
त्यानं नोकरी सोडली,
आणि त्याच रविवारी ताट हळूच पुढं सरकवलं,
भूक नसल्यासारखं.

उपदेश नाही. चामड्याचा पट्टा अजून कमरेला.
चीज खातो, अंडी खातो.
धूर तोंडावर आला की डोळे मिटून
एक लांब श्वास घेतो.
जीभ काही साधू झालेली नाही त्याची.

मांसाला मीठ मात्र तोच लावतो,
जाडं मीठ, मूठ भरून, उंचावरून.
डाव्या हातानं.
उजव्या हाताची बाही
डिसेंबरच्या उन्हातही मनगटाशी बटण लावलेली.

मीठ तिनं खाल्लं होतं.
मिठाला जागतोय तो.

"वांगं झालं बघ," मी म्हणते.
तो बोटांनीच साल सोलतो, फुंकर मारत,
अर्धं माझ्या ताटात टाकतो, न विचारता,
बरगडीच्या शेजारी.

मी दोन्ही खाते.
बरगडी मला आवडते, खोटं कशाला बोलू.
हल्ली जेवण झालं की हात धुताना
मनगटापर्यंत धुते, एवढंच.
विल्मारनं विचारलं, का?
म्हटलं, चरबी फार होती.