थोडं ओलं

कोल्हापूरहून टेम्पोत उभी बांधून आणली
हर्षद शिपुगडेनं.
नारिंगी, बारीक कमरेची, दगडमातीसाठीच जन्मलेली टू-स्ट्रोक.
सोबत रिकामं खोकं. त्यातलं सगळं बसवून झालेलं:
दाब वाढवणारा हेड, कार्बनच्या पात्यांची रीड,
पोट सुटलेला सायलेन्सर,
आणि कुठल्याशा बर्फाळ गावात लिहिलेला मॅप.
"लाखभर घातल्यात ओ, पण पाव थ्रॉटलला घुटमळतीया."

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. एप्रिल.
पत्र्याखाली त्रेचाळीस.
शेजारच्या शेडात टॉवेलचे चोवीस माग,
इथं ओरडूनच बोलायचं असतं.
नान्नांशी तेही नाही.
एकतीस वर्षं जॉबर होते, मागांची दुखणी काढायचे,
कान तिथंच ठेवून घरी आले.

प्लग काढला. काळा, ओला.
थंड हवेचा हिशेब आमच्या उन्हाला लावलेला,
हवा विरळ आणि पेट्रोल पोटभर.
मी लॅपटॉप जोडला. चौकटीच चौकटी उघडल्या,
उभे फेरे, आडवा थ्रॉटल,
एकेका घरात एक आकडा,
कुठल्या क्षणी इंजेक्टरनं किती वेळ तोंड उघडायचं.
नान्ना खांद्यावरून वाकले. म्हणाले,
"हे तर जकार्डाचे पुठ्ठे."
रीड हातात घेऊन त्यांनी नाव विचारलं,
मी ओठ सावकाश हलवले. ते हसले.
गिरणीतला साहेब फणीला हेच म्हणायचा.

मग टाकीवर तळवा ठेवून डोळे मिटले.
हर्षद पीळ देत गेला, हळू,
आणि एका जागी नान्नांची करंगळी उडाली.
"इथं. धागा ढिला आहे."
मी आकडा पाहिला: पाच हजार दोनशे, पाव थ्रॉटल.
चार टक्के उतरवले. परत.
सात.
नऊला प्लग दुधाच्या चहासारखा निघाला.
थांबायला हवं होतं मी.
पण अकराला आवाज असा झाला
की काचेवरून नखानं रेघ ओढावी,
स्वच्छ, उभा, कुठं गाठ नाही.
हर्षदच्या अंगावर काटा. माझ्याही.

नान्नांनी तळवा उचलला.
"चालु."

तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
हर्षदनं ऐकलं तसंच ऐकलं,
चालू, म्हणून बटण दाबलं, पूर्ण पीळ द्यायला निघाला,
आणि नान्नांनी त्याचं मनगट धरलं,
चालत्या मागात अडकलेला पोराचा हात
ओढून काढावा तसं.

इंजिन बंद. शेजारचे माग मात्र चालूच.
"मे महिन्यात आम्ही मागाखाली पाणी शिंपडायचो," ते म्हणाले,
त्यांना वाटतं हळू बोलतायत, सगळी गल्ली ऐकते.
"सुकं सूत ताणात देखणं दिसतं.
मग तुटतं.
थोडं ओलं ठेव."

नवा हेड, एवढा दाब, हे ऊन,
पिस्टन कुठल्या चढावर चिकटला असता
ते कुठल्या चौकटीत लिहिलेलं नव्हतं.
मी अकराचे परत आठ केले.
"म्हणजे ताकद कमी झाली का?"
"झाली थोडी."
तो गप्प. लाखाचा हिशेब चेहऱ्यावर दिसत होता.

संध्याकाळी कुंभारीच्या पलीकडे, बंद पडलेल्या खाणीत,
त्यानं मुरुमाच्या ढिगाऱ्यावर गाडी घातली.
निळा धूर, एरंडासारखा गोडसर वास,
मग धूळच धूळ. मला काही दिसेना.
आवाजही दगडांत फुटून चारी बाजूंनी येत होता,
कुठला खरा कळेना.

नान्ना उकिडवे बसले होते,
तळवा जमिनीला लावून.
शेंगा खात होते दुसऱ्या हातानं.
"पोचला वर," म्हणाले.

धूळ बसायला अजून वेळ होता.