खिडक्यांचं वजन

हर्णैच्या वाऱ्याला दार वाजवायची सवय नाही.
तो बिजागरीतून येतो,
स्क्रूच्या आट्यांत बसतो,
आणि एक दिवस कडी हातात येते,
चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी.

आमच्या पाच खिडक्या. लोखंडी सेक्शनच्या.
एकोणनव्वद साली दापोलीहून टेम्पोतून आल्या,
खाली पेंढा अंथरून.
बिल अजून आहे. बंदर खात्यात
तीस वर्षं पावत्या फाडल्या मी,
कागद टाकवत नाही.

या मे महिन्यात इर्शाद हमदुले आला.
टेप लावला वर, मधे, खाली,
तीन ठिकाणी तीन मापं.
"काका, चौकोन राहिला नाही हा. फुगलाय."
लोखंड गंजलं की फुगतं म्हणे,
भिंतीला आतून रेटतं.
आणि मी इतकी वर्षं
कोपऱ्यातल्या तड्यांसाठी गवंड्याला शिव्या घालत होतो.

शालन म्हणाली, सागवान.
मी म्हणालो, अॅल्युमिनियम.
दोन रात्री न बोलता जेवलो.
शेवटी तिसरंच ठरलं: पांढरं, पोकळ, प्लॅस्टिकचं.
दोघांनाही आवडलं नाही,
म्हणून भांडण मिटलं.

काढायच्या दिवशी ग्राइंडर लागलाच नाही.
इर्शादच्या पोरानं पटाशी घातली
आणि रंगाचा खपलाच निघाला,
जुन्या रुपयाएवढा जाड.
मी तो उन्हात धरला. कडेला रेघा होत्या.
सगळ्यात वर राखाडी, निवृत्तीच्या पैशातला.
मग निळा, राघव पावशाच्या होडीचा उरलेला डबा;
बदल्यात त्याचा परवान्याचा अर्ज लिहून दिला होता.
मग हिरवा, वृंदाच्या साखरपुड्याचा.
ते लग्न मोडलं. रंग टिकला.
मग पिवळट, मग पांढरा, मग कुठला ते आठवत नाही,
आणि तळाशी रेड ऑक्साइड,
शालन स्टुलावर उभी राहून लावत होती तो,
सहावा महिना लागलेला,
आणि मी खालून ओरडत होतो, उतर आधी.

त्याच्या आत बघितलं तर लोखंड नव्हतं.
भुगा होता, मिसरीसारखा.
खिडकी केव्हाच गेली होती.
आम्ही रोज सकाळी उघडत होतो
तो नुसता रंग.

केळशी फाट्याचा भंगारवाला काटा घेऊन आला.
जुन्या बिलावर, एकशे चार किलो.
त्याच्या काट्यावर एकसष्ट, रंगासकट.
दोनदा मोजायला लावलं. एकसष्टच.
त्रेचाळीस किलो गेलं कुठे?
चोरी नाही, तक्रार नाही, कसली नोंद नाही.
थोडं पागोळ्यांबरोबर अळवात गेलं असेल,
थोडं श्वासातून आमच्यात.
शालनचं हिमोग्लोबिन मात्र
दर तपासणीला कमीच येतं.

"स्क्रूला चुंबक लावून बघा," इर्शाद जाताना म्हणाला,
"चिकटला तर मला फोन करा.
खालची भोकं बुजवू नका, पाणी तिथून जातं.
आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्यानं पुसा."
औषध सांगावं तसं सांगितलं.

संध्याकाळी खिडक्या लावल्या
आणि बंदरावरचा लिलाव सुरीनं कापल्यासारखा बंद झाला.
बोली नाही, इंजिन नाही, कावळासुद्धा नाही.
शालन ताट घेऊन मधेच थांबली.
"माझे कान गेले की काय हो?"
मी काहीतरी बोललो, तिला ऐकू आलं,
तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.
तरी उठून चार बोटं सरकवलीच तिनं.
सुरमईचा भाव आत आला.

रात्री नवं बिल जुन्याला टाचून ठेवलं.
ठेवताना पाहिलं,
यावर वजन लिहिलेलंच नाही.
नुसते चौरस फूट.